चंदाबाईंनी भरलेली ओटी

भोयर वकिलांनी खुशीकडे पाहिलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर झोपली होती. तोंड उघडं, लाळेचा ओघळ माझ्या ब्लाउजवर.

"सोमवारी हिला घेऊन या," ते म्हणाले. "झोपलेली नको पण. जागी पाहिजे."

गुरुवार होता. तासाभरापूर्वी यवतमाळच्या सेशन कोर्टाने माझ्या नवऱ्याला, रजतला, दोषी ठरवलं होतं. पळवून नेऊन डांबून ठेवणं आणि लोखंडी सळाखीने जबर मारहाण. तो इतके दिवस जामिनावर होता. सकाळी आमच्यासोबत नेरच्या बसने आला, आणि दुपारी पोलिसांच्या गाडीत बसून गेला. त्याचा मोबाईल आणि पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, खुशीच्या लंगोटांच्या मधोमध.

"म्हंजे शिक्षा नाई झाली अजून?" माझ्या सासूबाईंनी विचारलं. विमलताईंना सगळं गाव धीराची बाई म्हणून ओळखतं. त्या दिवशी मात्र त्यांचा पदर दोनदा खाली पडला आणि त्यांना ते कळलं नाही.

"गुन्हा साबित झाला. शिक्षा किती, ते सोमवारी," भोयर वकील म्हणाले. "त्याच्यावर आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागते कोर्टाला. दहापर्यंत जाऊ शकते, ताई. आपल्याले तीनवर आणायची." मग त्यांनी बोटांवर सुरू केलं. "पहिलाच गुन्हा. वय कमी. म्हातारी आई. तरुण बायको. तान्हं लेकरू."

करंगळीवर येऊन ते थांबले आणि पुन्हा खुशीकडे पाहिलं. आठ महिने मी तिला न्हाऊ घालते आहे. कोणत्या कुशीवर ती लवकर झोपते, कोणत्या गाण्याला ओठ काढते, मला पाठ आहे. ती एक मुद्दा आहे हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा समजलं. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, माझ्या पोरीने जन्मल्या जन्मल्या बापाच्या उपयोगाचं काही आणलं.

वकिलांनी आवाज खाली आणला. "आणखी एक. हा गुन्हा आपसात मिटत नाही, ते डोक्यातून काढा. पण शिक्षा ठरवताना, समोरच्यानं माफ केलं का, याचा फरक पडते. मी तुम्हाले जा म्हणत नाही त्यांच्या घरी. मी काही म्हटलंच नाही."

"नाई नाई, तुमी कायले म्हणान," सासूबाई म्हणाल्या.

मला लग्नाच्या वेळी एवढंच सांगितलं होतं की पोट्ट्या-पोट्ट्यांच्या भांडणाची एक केस आहे, निकाली निघेल. माझं माहेर कळंबचं. बाबा चौकशीला गावात येऊन गेले होते, सगळ्यांनी पोरगा चांगला म्हणून सांगितलं होतं. आणि रजत होताही चांगला. मी आल्यापासून त्याने दारूला शिवलं नाही. खुशी झाल्यावर तिच्या पायांना तेल लावायचं काम त्याने माझ्याकडून काढून घेतलं. एवढाले राकट हात, पण तिच्या टाचेवरून असे फिरायचे की ती खिदळायची. तारखांना तो एकटाच जायचा. "तुले काय करायचं कोर्टात? लेकराले घेऊन उन्हात," म्हणायचा. मीही कधी खोदून विचारलं नाही. विचारलं की सगळ्यांचे चेहरे बदलायचे, आणि मला तो बदललेला चेहरा नको असायचा.

त्यामुळे मारलेला मुलगा आमच्याच नेरचा, स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला पियुष, एवढंच मला माहीत होतं. त्याचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. खुशी सव्वा महिन्याची झाल्यावर आम्ही तिला गावभर दाखवून आणलं, सासूबाईंनी घरोघर नेलं, पण शाळेशी आलं की त्या वळल्या. मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मॅडमनी, म्हणजे न्यायाधीश बाईंनी, निकाल वाचला तेव्हा मी मागच्या बाकावर बसून सगळं पहिल्यांदा ऐकलं. त्याला नेरच्या स्टँडवरून पिकअप गाडीत कोंबला. शेतातल्या गुरांच्या कोठ्यात बांधून ठेवला, सकाळपर्यंत. मनगटाचं हाड तीन ठिकाणी. डाव्या कानाचा पडदा. सोबत आणखी एक जण होता, पण अंधारात तो कोण हे पियुषला सांगता आलं नाही, म्हणून तो सुटला. कारण काय, तर सोयरीक मोडल्याचा राग. एवढं एकच वाक्य वाचून त्या पुढे गेल्या. रजत खाली मान घालून उभा होता. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. ते हात मला माहीत होते.

रविवारी दुपारी सासूबाईंनी मला खुशीचं नवं झबलं काढायला लावलं.

"तू जाय. मी गेली तं पियुषची माय, चंदी, दार लावन तोंडावर. बाईमानूस लेकरू घेऊन दारात उभं राह्यलं तं ती हाकलत नाई. वळखतो मी तिले. एका बंडीत बसून जत्रेले गेलो आमी." त्या खुशीच्या कपाळाला तीट लावत होत्या. "फक्त म्हण, मावशी, माफ करा. बस."

वाटेत मी तेवढंच घोकत गेले. मावशी, माफ करा. खुशी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. शाळा ओलांडली तशी मी चालणं हळू केलं. कोणी अडवावं असं वाटत होतं.

चंदाबाई अंगणात बसून चुलीसाठी कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडत होत्या. कडाकडा आवाज. मला पाहून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"कोन व तू?"

"मी विमलताईंची सून."

हातातली काडी मोडायची राहिली. "रजतची."

"हो."

"अन् हे?"

"मुलगी. खुशी नाव आहे."

त्या माझ्याकडे नाही, खुशीकडे पाहत होत्या. बराच वेळ. मग एकदम खेकसल्या, "मंग उन्हात काहून उभी लेकराले घेऊन? अक्कल हाय का नाई? ये सावलीत."

मी ओट्यावर टेकले. आतून पियुष आला. मी त्याला स्टँडवर लांबून पाहिला होता, बारीक, चष्मेवाला. जवळून पाहिलं तर तो रजतच्याच वयाचा होता. डाव्या हातात पाण्याचा पेला होता, उजवा हात खिशात. "घ्या वहिनी," तो म्हणाला.

वहिनी. त्याच्याकडे दुसरा शब्द नसेल. गावात मित्राच्या बायकोला म्हणतात तो शब्द. मी त्याच्याकडे न पाहता पेला घेतला आणि पाणी खुशीच्या पायावर सांडलं. ती दचकली आणि मग हसली. तिला वाटलं खेळ आहे.

"हसरी हाय," चंदाबाई म्हणाल्या.

"हो. रडत नाही फारशी."

"हा बम रडे लहानपनी. गल्ली झोपू नोती देत याच्या पायी." त्यांनी पियुषकडे हनुवटी केली. "आता पाह्य, तोंडातून शब्द निंगत नाई."

"माय..." पियुष म्हणाला.

"काय माय? खोटं हाय का?" मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुह्या बापानं चौकशी नोती केली का व?"

"केली होती. गावात आले होते. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं."

"सांगतीनच नं! याचा हात पाहून कोन बोलन?" त्यांनी काडी मोडली. "बाभूळगावचे पोरीवाले आलते रजतले पाह्याले. याच्या दुकानात येऊन विचारते, पोरगा कसा हाय म्हने. अन् हा शहाना! म्हने, मानूस चांगला हाय, पन दारू पेला का हात चालते. एवढंच बोल्ला. दुसऱ्याच्या पोरीच्या जल्माचं होतं म्हून बोल्ला. त्यायनं सोयरीक मोडली. अन् आठ दिवसानं हे झालं."

सोयरीक मोडल्याचा राग, या एका वाक्यात ही सगळी गोष्ट बसलेली होती. मला वाटलं होतं कोणा मुलीवरून दोघांचं काही असेल. मी तीन दिवस तसं मानून चालले होते, आणि मनात कुठेतरी त्या न पाहिलेल्या मुलीवर रागही धरला होता.

मी घोकलेलं वाक्य जिभेवर आणायचा प्रयत्न केला. मावशी. एवढाच शब्द निघाला.

खुशी माझ्या मांडीवरून पुढे झुकली आणि तिने पियुषच्या शर्टाची बाही पकडली. ओढली. हात खिशातून बाहेर आला. मनगट एका बाजूला वळलेलं, दोन बोटं आत मुडपलेली. तिने त्यातलंच एक बोट मुठीत धरलं. मी घाईघाईने तिची मूठ सोडवायला गेले.

"राहू द्या," पियुष म्हणाला. "दुखत नाही आता. फक्त बारीक काम होत नाही. स्क्रू धरता येत नाही." तो उजवा कान माझ्याकडे वळवून बसला होता.  खुशी ते बोट हलवून हलवून पाहत होती, जसं ती खुळखुळा पाहते.

"वहिनी, तुमचे बाबा माह्या दुकानात पन आलते," तो हळूच म्हणाला. "कळंबहून आलो म्हने. रजत कसा हाय, विचारलं त्यायनं. मी म्हटलं, मले माहीत नाही, मी गावात नसतो जास्त." त्याने हात सोडवून घेतला नाही. "हात खिशात ठेवलता मी. दिसला असता तं त्यायनं विचारलं असतं. मी भेलो होतो. तुमच्या लग्नाच्या वरातीत बँड वाजून राह्यलता तं मी दुकान बंद करून आत बसलो. माफ करजा मले."

मी उठले.  जो शब्द मी मागायला आले होते तो त्याने माझ्याकडे मागितला होता, आणि तो मी देऊ शकत नव्हते, कारण देण्याइतकी मी कोण होते? जाते, एवढंच म्हणाले.

"थांब," चंदाबाई म्हणाल्या. आत गेल्या. येताना सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, आणि घडी न मोडलेलं हिरवं ब्लाउजपीस. "पदर धर."

"मावशी, नको. कशाला?"

"लेकरू पयल्यांदा घरात आलं. त्याच्या मायले रिती धाडत नाई आमी. धर म्हनतो नं."

मी पदर पसरला. त्यांनी मला कुंकू लावलं, खुशीला लावलं, ओंजळीने गहू घातले. गहू घालताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे लेकराच्या पायी हाय. त्याच्या पायी नाई. समजली का?"

"समजले."

"जाय आता. अन् पाय धुऊन टाक तिचे, धूळ लागली."

घरी सासूबाई फाटकाशीच उभ्या होत्या. माझा फुगलेला पदर पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "भरली? चंदीनं ओटी भरली तुही?"

"आई, त्या म्हणाल्या, लेकरासाठी..."

"तेच तं म्हणतो मी! लेकरासाठी माफ केलं! माय माझी चंदी!" त्या रडायलाच लागल्या. रजतला नेलं तेव्हाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. त्यांनी मला तशीच उभी ठेवून मोबाईलवर फोटो काढला, खुशी कडेवर, पदरात गहू आणि वर हिरवं ब्लाउजपीस. वकिलांना पाठवला. फोन लावला. "भोयर साहेब, झालं! दोनी घराची ओटी-बिटी झाली!"

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी ओटी देवापुढे ठेवली आणि खुशीचे पाय धुवायला बसले. दोरीवर रजतचा टी-शर्ट तसाच लटकत होता, बुधवारी मीच धुतलेला. तीन वर्षांनी तो परत आला तर खुशी अजून शाळेतही गेलेली नसेल. तिला आठवणारच नाही की तो नव्हता. दहा वर्षांनी आला तर ती पाचवीत असेल आणि त्याला काका म्हणेल. मी तिच्या बोटांच्या बेचक्यांतली माती काढत हा हिशोब करत होते. वकिलाला काय सांगायचं ते वकील पाहील, मी तर काहीच खोटं बोलले नाही, असं स्वतःला समजावत होते. खुशीने पाय आपटून माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

सोमवारी ती जागी होती. रजतला आरोपीच्या जागी आणलं आणि त्याने तिला पाहून नेहमीसारखे गाल फुगवले. ती एवढ्या मोठ्याने हसली की कोर्टातला टायपिंग करणारा माणूसही हसला. भोयर वकिलांनी मागे वळून माझ्याकडे मान डोलावली. छान, अशा अर्थी. मी मान खाली घातली.

मॅडमनी रजतला विचारलं, "शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे?"

"लेकरू लहान आहे, मॅडम. दारू सोडली मी. पुन्हा नाही होणार." एवढंच. त्याला घरीही कधी लांब बोलता आलं नाही.

सरकारी वकील उभे राहिले. रागाच्या भरात दोन थपडा मारल्या असं हे नाही, ते म्हणाले. गाडी आणली, जागा ठरवली, रात्रभर ठेवलं, अधूनमधून थांबून पुन्हा मारलं. ज्या हातावर पोट आहे तोच हात मोडला. जास्तीत जास्त शिक्षा द्यावी. ते बोलत होते तसा रजत खालच्या लाकडाकडे पाहत होता.

मग भोयर वकील. पहिलाच गुन्हा, वय, आई, बायको, लेकरू. सगळी बोटं झाल्यावर ते थांबले, घसा साफ केला. "आणि मॅडम, एक महत्त्वाची गोष्ट. दोन्ही कुटुंबांत आता गोडवा झालेला आहे. कालच ओटी भरण्याचा कार्यक्रम झाला. फिर्यादीच्या घरच्यांनी मन मोठं करून आरोपीला माफ केलं आहे. फोटो आहे." त्यांनी मोबाईल पुढे केला.

मॅडमनी फोटोकडे नीट पाहिलं. "ओटी कोणी कोणाची भरली?"

भोयर वकील क्षणभर गोंधळले. "फिर्यादीच्या आईने. आरोपीच्या पत्नीची."

"कोणाच्या घरी?"

"फिर्यादीच्या घरी, मॅडम."

"फिर्यादी आलेत का आज?" सरकारी वकिलांनी नाही म्हटलं. पियुषने साक्ष दिली तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, आता पुन्हा बोलावू नका. मॅडमनी मान वर केली. "पत्नी आल्या आहेत?"

मी उभी राहिले. खुशीने माझे केस धरले होते.

"तुम्ही काही सांगायलाच पाहिजे असं नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही बोललात तर तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध ते धरणार नाही. सांगायचं असेल तरच सांगा. तिथे काय झालं?"

एवढी सोपी सुटका त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली होती. नाही म्हणून खाली बसायचं. फोटो त्यांनी पाहिलाच होता, बाकी वकील पाहून घेतील. सासूबाई माझ्या शेजारी बसून माझा पदर हलकेच खाली ओढत होत्या, बस म्हणून. रजत पाहत होता. त्याच्या नजरेत धमकी नव्हती. असती तर सोपं गेलं असतं. तो खुशीला तेल लावताना पाहतो तसा पाहत होता, सगळं आता माझ्या हातात आहे असा.

मी बोलले. 

"लेकरू पहिल्यांदा घरी गेलं की आमच्याकडे ओटी भरतात, मॅडम. म्हणून भरली. माझी भरली. मावशी म्हणाल्या, हे लेकराच्या पायी आहे, त्याच्या पायी नाही."

 टाइप करणाऱ्याचे हात थांबले होते.

"माफीचं काही बोलणं झालं?"

"मी मागायला गेले होते. माझ्याने मागवली नाही." मला थांबता येईना. "पियुषभाऊंनी माझी मागितली. माझे बाबा चौकशीला आले तेव्हा त्यांनी भीतीपोटी खरं सांगितलं नाही, म्हणून."

पदर ओढणं थांबलं. सासूबाईंनी हात काढून घेतला.

"आणखी काही?"

"दारू सोडली, ते खरं आहे मॅडम. मी आल्यापासून. मला कधी हात लावला नाही. पोरीला फार जपतात." मग मी खाली बसले. खुशीला भूक लागली होती, ती माझ्या ब्लाउजशी चाळा करू लागली. मी तिला घेऊन बाहेर आले आणि जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून पाजत बसले. ती पिताना मला एकटक बघते. मी दुसरीकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षा सुनावली. मॅडम सांगत होत्या आणि टाइप होत होतं. लहान मूल आहे, वय कमी आहे, पहिलाच गुन्हा, आणि आरोपीत सुधारणा दिसते असं पत्नीच्या सांगण्यावरून दिसतं, म्हणून पूर्ण दहा वर्षं देत नाही, असं त्या म्हणाल्या. पण हे ठरवून केलेलं आहे आणि जखम जन्माची आहे. खरं बोलल्याबद्दल ज्याला उचलून नेलं तो पुढे बोलायला घाबरतो, आणि त्याची किंमत ज्यांचा भांडणाशी संबंध नाही तेही देतात, हे कोर्टाला नजरेआड करता येत नाही. सात वर्षं. दोन्ही कलमांच्या शिक्षा एकत्र भोगायच्या. आधी कोठडीत काढलेले दिवस वजा. दंड फिर्यादीला भरपाई म्हणून.

ओटीचा शब्द त्यात कुठेच नव्हता. मी गप्प बसले असते तर पाच झाली असती का, तीन झाली असती का, की सातच? भोयर वकिलांना मी हे विचारलं. त्यांनी फायली बगलेत धरल्या आणि म्हणाले, "ते मॅडमलेच माहीत. आता हायकोर्टात अपील करू." माझ्याकडे न पाहता ते जिना उतरले.

सासूबाई व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या होत्या. मी जवळ गेले.

"आई, बसची वेळ..."

"मले आई नोको म्हनू." त्या ओरडल्या नाहीत. "तुले कोनं विचारलं होतं? ती बाई सांगे नं, नोको बोलू. जज सांगे! अन् तू बोल्ली. माह्या पोराले तू घातलं आत."

"मी खोटं कसं..."

"खोटं बोल म्हटलं का कोनं? बस म्हटलं होतं. बसता नाई आलं तुले?" त्यांनी डोळे पुसले. "कळंबले जाय. तुह्या बापाले सांग, चांगली शिकवली पोरगी."

 त्या म्हणत होत्या ते खोटं नव्हतंच. बसता आलं असतं. आणि तरीही, त्यांना सोडून वेगळ्या बसमध्ये चढायचं मनात येईना. घर तिकडेच होतं. खुशीचा पाळणा तिकडेच होता.

पोलिसांनी रजतला बाहेर आणलं. एका शिपायाने दंड धरला होता, बेडी अजून घातली नव्हती. "दोन मिनिटं," शिपाई म्हणाला आणि तोंड फिरवलं. सासूबाई धावल्या, त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडल्या. त्याने त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मग माझ्याकडे हात पसरले, खुशीसाठी. ती झेपावली. तिला कोर्ट माहीत नाही, शिपाई माहीत नाही. तिने त्याचं नाक धरलं.

"सात," तो म्हणाला.

"हो."

"दारूचं सांगितलं तू."

"खरं होतं ते."

तो काही वेळ तिला नाक ओढू देत राहिला. "अन् ते पियुषचं?"

"तेही."

"त्यानं तुही माफी मागितली? पियुषनं?"

"हो. म्हणाला, तुमच्या बाबांनी विचारलं तेव्हा भ्यायलो होतो."

  रजतने खुशीकडे पाहिलं, ती अजून नाकाशी खेळत होती, गाल फुगव म्हणून त्याच्या गालावर थापा मारत होती. त्याने गाल फुगवले नाहीत. त्याची मान खाली गेली, निकाल ऐकताना गेली होती तशी नाही, तिच्यापासून लपायला गेली तशी. आणि त्याने खुशीला घाईने माझ्याकडे दिलं, जणू हातातून सांडेल.

"घे तिले," तो म्हणाला. "रडून राह्यली."

खुशी रडत नव्हती.